सरूच्या मापाची सायकल

तारनाका, हैदराबाद
१३ जानेवारी १९५७

दादा,

जय भीम. पत्र फाडू नकोस, आधी वाच. आणि हा फाडायला लागला तर गंगू वहिनी, तू त्याच्या हातातून काढून घे आणि मोठ्यानं वाच, त्याला ऐकू जाईल असं.

काचीगुडा स्टेशनवर आपण भांडलो ते अजून माझ्या कानात आहे. तुझं ऑफिस मुंबई राज्यात गेलं, तू औरंगाबादला गेलास, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हैदराबाद राज्याचे तुकडे पडले आणि तुझं टेबल त्या तुकड्यात गेलं. पण माझी नोकरी ह्या तुकड्यात आहे, हे तुला का कळू नये? गाडी सुटता सुटता खिडकीतून ओरडलास, "पाठुंगळीला घेऊन शाळेत नेली तुला मी, अन् आता एकटी राहते म्हणे! आधी चार पावलं नीट चालून दाखव!" सगळा फलाट बघत होता. माझ्यापेक्षा मायला जास्त लागलं.

तेव्हापासून मला तुझं एक अक्षर नाही. मायच्या नावानं कार्ड येतं आणि त्यात मी म्हणजे "तिला". "तिला सांग, जालन्याच्या सूर्यभान मास्तरांना मी उन्हाळ्यापर्यंत थांबवून ठेवलं आहे." मास्तर भले असतील रे. पण पदरी लेकरं असलेला बिजवर मला बघताच होकार कळवतो तो माझ्या पायाकडे बघून, एवढं मला कळत नाही होय? अशा मुलीला कोण विचारणार, हा त्याचा हिशेब. आणि तोच तुझाही. याचाच मला राग आहे.

आता नीट ऐक. मी हंगामी नर्स आहे, हे तुला माहीत आहे. आमच्या बाळंतपणाच्या केंद्रात एक पक्की जागा निघाली आहे. वस्त्यांतून घरोघर फिरायचं, बाळंतिणी आणि लेकरं बघायची. डॉक्टर पद्मावती अम्मांनी मला बोलावून सांगितलं, "सरूबाई, कामात तू सगळ्यांच्या पुढे आहेस. पण या जागेला सायकल यावी लागते. मार्चअखेर मी स्वतः बघणार. आली तर जागा तुझी. नाही तर माझ्या हातात काही नाही, हंगामी लोकांना एप्रिलपासून घरी बसावं लागेल." म्हणजे गोष्ट सरळ आहे. सायकल आली तर मी इथं, माझ्या पगारावर, मायला घेऊन. नाही आली तर ट्रंक घेऊन तुझ्या दारात, आणि तिथून जालन्याला.

तू आता हसशील. हस. सुलतान बाजारातला दुकानदारसुद्धा हसला. त्याच्याकडची सगळ्यांत बुटकी लेडीज सायकल त्यानं आणून उभी केली. मी बसले तर उजवा पाय कसाबसा पायडलला टेकला आणि डावा लोंबकळत राहिला. "अम्मा, रिक्षा लगा लेव. कायकू तकलीफ?" मी म्हटलं, "रिक्षा तुमच्या घरच्या बाळंतपणाला लावा," आणि तरातरा निघाले. तरातरा म्हणजे माझ्या परीनं.

त्याच गल्लीच्या तोंडाशी मस्तान मिस्त्री बसतो. जुन्या सायकली कापून, जोडून नव्या करतो. त्यानं माझं चालणं पाहिलं होतं आणि भांडणही ऐकलं होतं. तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं आणि म्हणाला, "बनाको देतूं, बाई. पर नाप देना पडता."

माप! दादा, सायकलीला माप! माझी पोलकी तुझ्या जुन्या सदऱ्यांची, माझी पाटी तुझी फुटकी, नर्सिंगच्या वर्गातले बूट कुठल्या तरी गोऱ्या बाईचे, पुढं कापूस कोंबून घातलेले. माझ्या मापाचं म्हणून आजवर काय बनलं? मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. पैशाचं विचारू नकोस, ते माझं मी बघते.

उद्या संक्रांत. पोरांनी आत्तापासून पतंगांनी आभाळ झाकलं आहे. माय म्हणते, तुझ्या डोक्यातही एक उडतोय.

तुझी
"तिला"

३ फेब्रुवारी १९५७

दादा,

तुझं उत्तर नाही. तू नाही लिहिलंस म्हणून मी थांबत नाही.

काल माप देऊन आले. मिस्त्रीची मोठी पंचाईत झाली. पुरुषाला तो भर रस्त्यात उभा करून मोजतो, पण बाईमाणसाच्या पायाला दोरी लावणार कशी? तो लाजला, मीही लाजले. शेवटी त्यानं दुकानामागच्या घरात हाक मारली, "हुस्नाबी! बाई का नाप लेको देव. पाव, हात, पीठ, सब." एवढं सांगून तो परत लोखंड घासायला बसला.

हुस्नाबी म्हणजे त्याची बायको. पडद्याआड शिलाई मशीनवर बसलेली. अख्ख्या गल्लीतल्या पोरींचे कुर्ते-पायजमे तिच्या हातचे. टेप बिप काही नाही, सुतळीला गाठी मारते. मला भिंतीला टेकवून उभी केली आणि कमरेपासून टाचेपर्यंत, खांद्यापासून मुठीपर्यंत, सगळं मोजलं. डाव्या पायाशी आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तुला ठाऊक आहे, तिथं आलं की सगळे "अरेरे" म्हणतात. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा. ही म्हणाली, "ये चार उंगली कम," आणि लाल दोऱ्याची गाठ मारून पुढं गेली. कापड कमी पडलं की म्हणतात ना, तसं. दादा, मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या घरी दोन कप चहा प्याले.

मिस्त्री डाव्या पायडलवर लाकडाचा ठोकळा बसवणार आहे, वर चामड्याचा पट्टा. पडद्याबाहेरून त्यानं विचारलं, "बाई, पीछे कॅरिअर पे क्या रखते?" मी त्याचं उत्तर दिलं. काय दिलं ते तुला आज सांगत नाही. हुस्नाबी मात्र ओढणी तोंडाला लावून हसली.

वहिनी, लोणच्याची बरणी पोचली का?

सरू

२४ फेब्रुवारी १९५७

दादा,

सायकल आली. हिरवी आहे, हँडलला चकचकीत घंटी आहे. बघायला फार छान आहे.

शिकणं चालू आहे. मायनं शेजाऱ्यांकडून कार्ड लिहवून घेऊन माझ्या गुडघ्याचं काही कळवलं असेल तर लक्ष देऊ नकोस. मांजरानं ओरबाडलं. जरा मोठं मांजर होतं.

ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे. पुसायला.

बाकी ठीक. निवडणुकीच्या लाऊडस्पीकरनी कान किटले आहेत, जास्त लिहवत नाही.

सरू

१० मार्च १९५७

दादा,

वहिनीचं कार्ड आलं! लिहिते की माझी पत्रं ती वाचायला लागली की तू पाठ फिरवून बसतोस, पण मांजराचं ऐकून ताडकन वळलास आणि विचारलंस, "जास्त लागलंय का तिला?" सापडलास की नाही? तर आता खरं सांगते. मांजर नव्हतं. मी पडले.

एकदा नाही, रोज पडत होते. रेल्वे क्वार्टरच्या मेंदीच्या कुंपणात तर अशी शिरले की दोघा रेल्वे कामगारांनी ओढून काढलं. सीटवर बसलं की ठोकळ्यापर्यंतसुद्धा पाय पुरेना. हँडल धरायला पार ओणवं व्हावं लागे. उजवा, चांगला पायही अधांतरी. माझ्या मापाची म्हणून केलेली सायकल, आणि तीही मला होईना! त्या दिवशी मी घरी येऊन रडले रे. म्हटलं, दादाचंच बरोबर. दुकानातली मापाची नाही, ही मापाची करून घेतली तरी मापाची नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. ट्रंक काढली ती पुसायला नव्हती. भरायलाच काढली होती. दोन लुगडी त्यात ठेवलीसुद्धा.

मायनं ती उचलून परत दोरीवर टाकली. "कामून रडतीस? झंपर आखूड झालं तर शिप्याकडं जाऊन भांडतीस. मग ह्याच्याकडं का गप? चल, मी येते."

माय, जी तुझ्या ऑफिसातल्या चपराशालाही साहेब म्हणायची, ती मस्तान मिस्त्रीच्या दुकानात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मिस्त्री बिचारा शपथा खायला लागला, "नाप में बाल बराबर का फरक नई!" त्यानं सुतळी काढून सायकलला लावून दाखवली. खरंच फरक नव्हता. माय म्हणाली, "मग पोरगी लहान झाली व्हय तुझ्या दुकानात?" आणि मला ओढत पडद्याआड घेऊन गेली. "माझ्यासमोर मोज पुन्हा."

हुस्नाबीनं पुन्हा मोजलं. सुतळी कमरेला लावली, टाचेपर्यंत आणली, टाचेच्या खाली दोन बोटं आडवी धरली आणि मग गाठ मारली.

"हे काय?" मी म्हटलं. "ही दोन बोटं कशाला?"

वेडीकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघायला लागली. "सिलाई की, बाई. और कपडा धोने पे चढता नई क्या?"

दादा, सगळ्या मापांत! पायात दोन बोटं, हातात दोन बोटं, पाठीत दोन बोटं. नवऱ्यानं "नाप ले" एवढंच सांगितलेलं, सायकलचं नावही काढलं नाही. त्याला वाटलं, तिला कळलं असेल. तिला वाटलं, बाईला पायजमा-कुर्ता हवाय, मास्तरीण असेल. कॅरिअरचं बोलणं तिनं ऐकलं होतं, पण तिला वाटलं नवरा थट्टा करतोय आणि मीही थट्टेनंच उत्तर देतेय. मग पडद्याच्या दोन्ही बाजूंनी जी जुंपली! "पूछना नई होता तेरेकू?" "तुमे बोलना नई होता? लोहा सीती क्या मैं?" मायनं मध्ये तोंड घातलं, "अहो, लोखंड धुतल्यावर आटत नसतं!" त्यावर आधी हुस्नाबी हसली, मग मिस्त्री, आणि मग मी अशी हसले की डोळ्यांतून पाणी. दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकवायला लागली. खोट माझ्यात नव्हती दादा! शिलाईची दोन बोटं होती!

मिस्त्रीनं त्याच आठवड्यात दांड्या कापून पुन्हा जोडल्या. गाठींमधून दोन-दोन बोटं हुस्नाबीनं स्वतः कमी केली, आणि कापताना जवळ उभी राहिली, नवऱ्यावर विश्वास नको म्हणून.

आता सायकल मला होते. बसले की दोन्ही पाय जिथल्या तिथं. पट्टा ओढला की डावा पाय ठोकळ्यावर घट्ट. पण चढायची अजून भीती वाटते. आमच्या दारच्या दगडावर उजवा पाय टेकवून आधी सीटवर बसते आणि मग ढकलते. दगड नसला तर काय करू ते ठाऊक नाही.

आणि पाचवारी चेनमध्ये अडकायची, त्यावरही मायनंच तोड काढली. "आमी लुगडं नेसून झाडावर चढलो, खळ्यात राबलो. तू कासोटा घाल." तिचं नऊवारी पांढरं पातळ नेसून मी युनिव्हर्सिटीच्या रस्त्यानं रोज सकाळी जाते. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतात. मी घंटी मारते.

तोल जायला लागला की मला ओढा आठवतो. पावसाळ्यात पाणी तुझ्या मांड्यांपर्यंत यायचं, मी पाठुंगळीला, दोघांची दप्तरं माझ्या गळ्यात. तू म्हणायचास, "घट्ट धर, खाली बघू नकोस." शाळेत पोचल्यावर आपल्याला बाहेरच्या पायरीवर बसवायचे, पण तू कधी एक दिवस मला चुकवू दिला नाहीस. ते मी विसरलेय असं तुला वाटतं का? म्हणून तर एवढी चिडले मी तुझ्यावर.

सरू

२९ मार्च १९५७

दादा! वहिनी!

बसा आधी. पाणी प्या. नाही, मीच पिते.

काल परीक्षा झाली. पद्मावती अम्मा म्हणाल्या, अंगणात फेऱ्या मारून मला काय कळणार? सीताफळमंडीत एक ओली बाळंतीण आहे, औषधांची पेटी लाव मागे, जाऊन ये, मी रिक्षातून मागोमाग येते. माझं नऊवारी बघून त्या जरा थबकल्या. मग म्हणाल्या, "पांढरं आहे ना? चालेल."

केंद्राच्या दारातही एक दगड आहे, त्यावरून मी झोकात निघाले. माय केंद्राच्या फाटकाशी उभी, पदर दातांत. सगळं छान चाललं होतं आणि रेल्वेचं गेट आलं. बंद! उतरावं लागलं. मालगाडी गेली, निवांत, डबे मोजत गेल्यासारखी. गेट उघडलं. लोक निघाले. मी इकडे बघते, तिकडे बघते, दगड नाही. साधी वीटसुद्धा नाही. एक म्हातारे बुवा म्हणाले, "पकडूं क्या, बेटी?" मागं वळून पाहिलं तर अम्मांची रिक्षा. त्या बघत होत्या.

दगडाशिवाय चढायचं म्हणजे आधी डावा पाय ठोकळ्यावर ठेवायचा आणि सगळा भार त्याच्यावर टाकायचा. त्या पायावर, दादा! मी जन्मात कधी त्याच्यावर भार टाकला नाही. तू टाकू दिला नाहीस, मायनं नाही, मीही नाही. मनात आलं, हो म्हणावं त्या बुवांना. मग जालन्याचे मास्तर आठवले. मी म्हटलं, "नक्को चाचा, मेहेरबानी." डावा पाय ठेवला, पट्टा ओढला, उजव्यानं जमीन ढकलली आणि उभी राहिले.

त्यानं मला धरलं! थरथरला, पण धरलं. एक क्षण मी आख्खी त्या एका पायावर उभी होते, आणि मग सीटवर होते, आणि मग रुळांच्या पलीकडे होते. बुवा मागून ओरडले, "शाब्बास!" मी ओरडले की रडले मला आठवत नाही, घंटी मात्र गेटपासून वाजवतच गेले.

पुढं चढ आहे. मी कण्हत-कुथत, पण थांबले नाही. रिक्षावाला उतरून रिक्षा ढकलायला लागला, तरी ती चढेना, तेव्हा अम्मांनाही उतरावं लागलं. त्या घामाघूम होऊन बाळंतिणीच्या दारात पोचल्या तेव्हा मी हात धुऊन, लेकराचं वजन करून, त्याला परत आईजवळ दिलं होतं. अम्मा दारात उभ्या, पदरानं वारा घेत. म्हणाल्या, "सरूबाई, उद्यापासून मलाच तुझ्या मागे बसव."

जागा माझी! पक्की! ऑर्डर आज हातात आली. मायला अक्षर वाचता येत नाही, तरी तिनं ती उलटीसुलटी करून शिक्का शोधला, आणि मग बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवून मेणबत्ती लावली. मी हुस्नाबीकडे जिलेबी घेऊन गेले. तिनं मिस्त्रीला एकच दिली. म्हणाली, "नाप मेरा था."

दादा, तू एक ओळ लिही रे. जिंकले मी. तुला सांगितल्याशिवाय ते पुरं वाटत नाही.

तुझी सरू

१७ एप्रिल १९५७

दादा,

तुझं कार्ड मिळालं. मायच्या नावावर नाही, माझ्या! "चि. सरूस" वाचलं आणि पुढचं वाचायला डोळे पुसावे लागले. मायला वाटलं काही वाईट बातमी.

सूर्यभान मास्तरांना तू नकार कळवलास, बरं केलंस. त्यांना चांगली बायको मिळो, मनापासून म्हणते. आणि लिहितोस, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. स्टेशनवर कोणी येऊ नये, मी रिक्षा करीन."

रिक्षा करायची नाही. काचीगुड्याला तू ज्या फलाटावर ओरडला होतास, त्याच फलाटाबाहेर मी उभी असेन, हिरवी सायकल घेऊन. सामान फार आणू नकोस. वहिनीनं पापड दिले असतील ते माझ्या पिशवीत येतील.

माप देताना मिस्त्रीनं विचारलं होतं ना, कॅरिअरवर काय ठेवणार म्हणून? पेटी सांगितली असती तर चार पातळ सळ्यांत भागलं असतं. मी सांगितलं, "एक अच्छा खासा आदमी." तो म्हणाला, "शौहर?" मी म्हटलं, "भाई. रूठेला है, पर आयेगा." म्हणून त्यानं दुहेरी पट्ट्या टाकल्या आहेत आणि वर गादी बसवली आहे. ती सगळ्यांना वाटतं पेटीसाठी आहे.

तर शनिवारी त्या गादीवर बसायचं. पाय जरा उचलून धर, तुझे लांब आहेत, रस्त्याला घासतील. अडिकमेटच्या चढावर माझा वेग कमी होईल, धाप लागेल, लोक बघतील. तेव्हा उतरतो म्हणू नकोस. ओढ्यात पाणी कितीही चढलं तरी तूही मला कधी उतरवलं नव्हतंस.

घट्ट धर, आणि खाली बघू नकोस.

सरू